विद्यार्थ्यांमधील वंशद्वेष: शाळेने पावलोपावली काय करावे

शाळेतला वंशद्वेष क्वचितच उघड घोषणेच्या रूपात समोर येतो. त्वचेच्या रंगावरून पाडलेले टोपणनाव, न विचारता केसांना लावलेला हात, आडनाव मुद्दाम वेडेवाकडे उच्चारून पिकवलेला हशा, बोलण्याच्या लकबीची नक्कल, गट पाडताना दर वेळी शेवटी उरणारा तोच एक मुलगा, याच देशात जन्मलेल्या मुलीला ऐकवलेले 'तू तुझ्या देशात परत जा' हे वाक्य, ही त्याची नेहमीची रूपे आहेत. शिक्षकाच्या कानावर यातली एखादीच घटना पडते आणि ती सुटी पाहिली तर किरकोळ वाटते. सोसणाऱ्या मुलाच्या वाट्याला मात्र त्या सगळ्या येतात, आणि तक्रार करायला येण्याआधी त्याने बहुधा बरेच दिवस गप्प राहून काढलेले असतात.

या लेखात सांगितलेल्या सगळ्या पायऱ्यांच्या मुळाशी एकच म्हणणे आहे. दुखावलेल्या मुलाचे म्हणणे ताबडतोब गांभीर्याने घेणे आणि आरोप झालेल्या मुलाचा दोष चौकशीनंतरच ठरवणे या दोन वेगळ्या कृती आहेत, आणि शाळेने त्या दोन्ही कराव्यात. पहिली टाळणारी शाळा पीडित मुलाला एकटे सोडते, तर दुसरी टाळणारी शाळा सर्वांचाच विश्वास गमावते. हे साधण्यासाठी एखाद्या धीट, संवेदनशील शिक्षकाच्या भरवशावर राहून चालणार नाही. घटना घडण्यापूर्वीच सर्वांनी मिळून पद्धत ठरवलेली असली पाहिजे.

पूर्वतयारी: धोरण आणि त्यामागची समज

'लहान मुलांना रंग कळत नाही' हा समज आधी बाजूला ठेवावा लागतो. आपल्या भोवतालच्या माणसांसारख्या दिसणाऱ्या चेहऱ्यांकडे अधिक वेळ पाहण्याचा कल तीन महिन्यांच्या बाळांमध्येही संशोधकांना आढळला आहे. हा कल म्हणजे द्वेष नव्हे. पण फरक मुलांच्या लक्षात येतो आणि त्या फरकाचा अर्थ ती मोठ्यांकडून उचलतात. केनेथ आणि मेमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने १९४०च्या दशकात अमेरिकेतील तीन ते सात वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलांसमोर केवळ रंगाने वेगळ्या असलेल्या बाहुल्या ठेवल्या, तेव्हा बहुसंख्य मुलांनी गोरी बाहुली 'चांगली' म्हणून निवडली. शाळांमधील वंशाधारित विभाजन घटनाबाह्य ठरवणाऱ्या १९५४च्या निकालात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने या संशोधनाचा उल्लेख केला. बालवाडीत हा विषय नको असे म्हणणाऱ्यांनी त्या मुलांची वये ध्यानात घ्यावीत.

धोरण दोन पानांपेक्षा मोठे असू नये, कारण लांबलचक दस्तऐवज कपाटातच राहतात. वंश, रंग, राष्ट्रीयत्व, वांशिक मूळ, भाषिक लकब, पोशाख यांवरून होणारा कोणता व्यवहार शाळा अयोग्य मानते, तक्रार कोणाकडे करायची, ती व्यक्ती गैरहजर असल्यास कोणाकडे, पहिले उत्तर किती वेळात मिळेल आणि पालकांना केव्हा कळवले जाईल, एवढे त्यात स्पष्ट असावे. वंशद्वेषाची तरतूद केवळ दादागिरीविरोधी नियमात घुसडणे अपुरे आहे. नॉर्वेत १९८०च्या दशकात डॅन ओल्वेउस यांच्या कार्यातून रूढ झालेल्या व्याख्येनुसार दादागिरी म्हणजे वारंवार होणारा, ताकदीच्या असमतोलावर आधारलेला त्रास. वांशिक शिवी एकदाच दिली तरी तिचा घाव खोल असतो आणि तो त्या मुलासोबत त्याच्या सगळ्या कुटुंबावर पडतो. पुनरावृत्तीची वाट पाहणारा नियम अशा वेळी निरुपयोगी ठरतो.

धोरणाची माहिती शिपाई, बसचालक, ग्रंथपाल, क्रीडाप्रशिक्षक अशा सर्वांना द्यावी. मधली सुट्टी, स्वच्छतागृहे, मैदान आणि बस या जागी शिक्षक क्वचितच असतात, आणि बऱ्याच घटना तिथे घडतात.

शासनाच्या आदेशाची वाट पाहणाऱ्या व्यवस्थापनांसाठी एक गोष्ट सांगायला हवी. संयुक्त राष्ट्रांनी २१ डिसेंबर १९६५ रोजी स्वीकारलेल्या वांशिक भेदभाव निर्मूलन करारातील सातव्या कलमानुसार, शिक्षणाच्या क्षेत्रात पूर्वग्रहांविरुद्ध तातडीचे आणि परिणामकारक उपाय करण्याचे बंधन सदस्य राष्ट्रांनी स्वीकारले आहे. १९८९च्या बालहक्क करारातील एकोणतिसावे कलम सर्व वांशिक, राष्ट्रीय आणि धार्मिक गटांमधील सामंजस्य हे शिक्षणाच्याच उद्दिष्टांपैकी एक मानते. हे काम अभ्यासक्रमाबाहेरचे ओझे आहे असे म्हणायला त्यामुळे फारशी जागा उरत नाही.

पहिले मिनिट

शिक्षकासमोर शेरा मारला गेला, तर तो ऐकू न आल्यासारखे दाखवणे हा सर्वांत वाईट पर्याय आहे. वर्गातील प्रत्येक मूल त्या क्षणी शिक्षकाच्या चेहऱ्याकडे पाहत असते, आणि तिथले मौन संमती म्हणून वाचले जाते. पण संतापून लांब भाषण देणेही उपयोगाचे नाही, कारण त्यामुळे सारे लक्ष बोलणाऱ्यावर खिळते आणि ज्याला लागले ते मूल भर वर्गात आणखी उघडे पडते. मोजकी आणि शांत वाक्ये पुरेशी असतात: 'थांब. तिच्या रंगावरून तू जे बोललास ते या वर्गात चालणार नाही. तास संपल्यावर तू मला भेट.' यात कृतीला नाव दिले आहे, मर्यादा सांगितली आहे आणि पुढचे पाऊलही ठरले आहे. 'तू वंशद्वेषी आहेस' असे मुलावर शिक्कामोर्तब मात्र केलेले नाही. मुलाला शिक्का दिला की तो शिक्का नाकारण्यातच त्याची सगळी शक्ती जाते.

'सर, मी मस्करी केली' हे उत्तर जवळजवळ ठरलेले असते. त्यावर वाद घालू नये. 'तुझा हेतू काय होता ते आपण नंतर बोलू. आत्ता परिणाम काय झाला ते महत्त्वाचे आहे' एवढे म्हणून धडा पुढे न्यावा. नेमके काय बोलले गेले याची खात्री नसेल, तर 'तू आत्ता काय म्हणालास?' असा प्रश्न विचारता येतो. परंतु त्यामुळे शिवी सर्वांसमोर पुन्हा उच्चारली जाण्याचा धोका असतो, म्हणून तो वर्गाबाहेर विचारणे बरे. अशी वाक्ये आयत्या वेळी सुचत नाहीत. शिक्षकांच्या बैठकीत एकमेकांसमोर ती मोठ्याने म्हणून पाहावीत; सुरुवातीचे अवघडलेपण दोन-तीन वेळा बोलल्यावर ओसरते.

दुखावलेल्या मुलाजवळ

त्याच दिवशी, शाळा सुटण्याआधी, त्या मुलाला विश्वास असलेल्या प्रौढ व्यक्तीने एकांतात भेटावे. 'तू आत्ता मनावर घेऊ नकोस', 'त्यालाही तसे म्हणायचे नव्हते', 'तू आधी काय केले होतेस?' ही तीन वाक्ये तोंडातून निघू देऊ नयेत. त्याऐवजी मुलाला सलग बोलू द्यावे, त्याचे शब्द त्याच्याच भाषेत लिहून घ्यावेत, हे याआधी घडले आहे का आणि कुठे ते विचारावे, आणि पुढे काय होणार आहे हे सांगावे. आपल्या बाबतीत काय चालले आहे हे ठाऊक नसणे मुलाला फार छळते. सगळे गुप्त ठेवण्याचे वचन देऊ नये, कारण ते पाळता येणार नाही. 'ज्यांना मदत करायची आहे तेवढ्यांनाच मी सांगेन' हे प्रामाणिक उत्तर आहे.

सुरक्षिततेसाठी बाक, गट किंवा बसमधील जागा बदलायची झाल्यास त्रास देणाऱ्याला हलवावे. पीडित मुलाला दुसऱ्या तुकडीत पाठवणे सोयीचे वाटते, परंतु त्यामुळे शिक्षा त्यालाच झाल्याचे चित्र उभे राहते. एखाद्या मुलाने त्रासाला कंटाळून हात उचलला असेल, तर मारामारीची वेगळी आणि शिवीगाळीची वेगळी नोंद करावी. 'दोघांचीही चूक' म्हणून दोघांना सारखीच शिक्षा देण्याची सवय शाळांमध्ये खोलवर रुजलेली आहे, आणि माझ्या मते तक्रारी बंद पडण्याचे ते एक मोठे कारण आहे.

नोंद आणि चौकशी

या पायरीवर थोडे थांबणे आवश्यक आहे, कारण इथेच सर्वाधिक गोंधळ होतो. आग्नेय लंडनमध्ये २२ एप्रिल १९९३ रोजी स्टीफन लॉरेन्स या १८ वर्षांच्या कृष्णवर्णीय तरुणाचा गोऱ्या तरुणांच्या टोळक्याने खून केला. पोलीस तपासातील गंभीर त्रुटींची सार्वजनिक चौकशी सर विल्यम मॅकफर्सन यांनी केली आणि तिचा अहवाल फेब्रुवारी १९९९मध्ये प्रसिद्ध झाला. पीडिताला किंवा अन्य कोणत्याही व्यक्तीला जी घटना वंशद्वेषी वाटते ती वंशद्वेषी घटना, अशी व्याख्या त्या अहवालाने सुचवली. शाळांनी अशा सर्व घटनांची नोंद करावी, त्या पालकांना आणि शाळेच्या नियामक मंडळाला कळवाव्यात आणि त्यांची संख्या दरवर्षी जाहीर करावी, अशीही शिफारस त्यात होती.

ही व्याख्या एकतर्फी आहे असा आक्षेप घेतला जातो. पण ती कोणालाही दोषी ठरवत नाही. घटना कोणत्या शीर्षकाखाली नोंदवून तपासायची एवढेच ठरवते. हा वांशिक प्रकार आहे की नाही, याचा निर्णय तक्रार ऐकणाऱ्या पहिल्याच शिक्षकावर सोडला, तर त्याच्या स्वतःच्या अनुभवाची मर्यादा ही शाळेची मर्यादा बनते. म्हणून नोंद करण्यासाठी 'वाटले' एवढा आधार पुरेसा मानावा; कारवाईसाठी मात्र पुरावा हवा.

नोंदीत दिनांक, वेळ, जागा, उपस्थित मुले, वापरलेले नेमके शब्द, तक्रार कोणी केली, तत्काळ काय केले आणि पुढील जबाबदारी कोणाची, हे लिहावे. शब्द सौम्य करून लिहू नयेत. 'अपशब्द वापरला' या नोंदीवरून सहा महिन्यांनंतर कोणालाच काही कळत नाही. सर्व नोंदी एकाच नोंदवहीत किंवा एकाच संगणकीय धारिकेत असाव्यात आणि त्या पाहण्याचा अधिकार मोजक्या व्यक्तींना असावा.

चौकशी वर्गशिक्षकाऐवजी शक्यतो त्या वर्गाला न शिकवणाऱ्या व्यक्तीकडे द्यावी. प्रत्येक मुलाशी वेगवेगळे बोलावे, आधी साक्षीदार आणि मग आरोप झालेला विद्यार्थी असा क्रम ठेवावा, आणि 'तू त्याला शिवी दिलीस ना?' असे उत्तर सुचवणारे प्रश्न टाळून 'मधल्या सुट्टीत काय झाले ते सुरुवातीपासून सांग' असे मोकळे प्रश्न विचारावेत. साक्षीदारांना एकत्र बसवले की सर्वांत मोठ्या आवाजाची कथा सर्वांची होते. दोन मुलांची समोरासमोर 'शहानिशा' तर कधीच करू नये. चौकशी आठवडाभरात संपवणे बहुतेक वेळा शक्य असते. ती लांबली तर दोन्ही कुटुंबांना कारण कळवावे. बालहक्क कराराच्या बाराव्या कलमाने आपले म्हणणे मांडण्याचा दिलेला हक्क आरोप झालेल्या मुलालाही आहे.

ज्याने त्रास दिला त्या मुलाबाबत

निलंबनाची कठोर शिक्षा पालकांना आणि वृत्तपत्रांना दिसते, म्हणून शाळांना तिचा मोह होतो. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या कार्यगटाने २००८ साली प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात, सरसकट कठोर शिक्षेच्या धोरणांमुळे शाळा अधिक सुरक्षित होतात याला आधार सापडला नाही. घरी बसलेले मूल शिकत काहीच नाही, आणि बहुधा ज्या वातावरणातून ते शब्द आले तिथेच परत जाते. याचा अर्थ परिणाम नसावा असा नाही. मारहाण, धमकी किंवा संघटितपणे केलेला छळ असेल, तर काही काळ दूर ठेवणे आणि गरज पडल्यास पोलिसांना किंवा बालसंरक्षण यंत्रणेला कळवणे भाग असते.

एरवी कारवाईचे दोन भाग असावेत. पहिला भाग तात्काळ आणि स्पष्ट असावा: सवलत थांबणे, मधल्या सुट्टीत देखरेखीखाली राहणे, पालकांना लेखी कळवणे. दुसरा भाग शिकण्याचा असावा आणि तो काही आठवडे चालावा. मुलाने तो शब्द कुठे ऐकला, त्याला त्याचा इतिहास ठाऊक आहे का, तो वापरल्यावर त्याला काय मिळाले, मित्रांचे हसणे की आणखी काही, हे समुपदेशकाने शोधावे. पाच वर्षांच्या मुलाने कुतूहलाने 'तुझा रंग असा का?' असे विचारणे आणि पंधरा वर्षांच्या मुलाने शब्द निवडून मारणे यांत फार अंतर आहे. लहान मुलाला त्वचेला रंग देणाऱ्या मेलॅनिन या द्रव्याची सरळ माहिती द्यावी. मोठ्या मुलाला हेही सांगता येते की कोणत्याही दोन माणसांचा जनुकीय अनुक्रम सुमारे ९९.९ टक्के सारखा असतो, आणि १९७२ साली रिचर्ड लेवोन्टिन यांनी केलेल्या विश्लेषणात मानवी जनुकीय वैविध्यापैकी सुमारे ८५ टक्के वैविध्य गटागटांमध्ये नसून प्रत्येक गटाच्या आतच आढळले. माहितीने द्वेष आपोआप विरघळत नाही, परंतु 'हे तर निसर्गाचेच आहे' हा त्याचा एक आधार तरी निखळतो.

माफीची घाई करू नये. मुख्याध्यापकांच्या दालनात उभे करून वदवून घेतलेल्या 'सॉरी'मुळे मोठ्यांचे काम संपते. दुखावलेल्या मुलाला मात्र 'ठीक आहे' म्हणणे भाग पडते. समोरासमोर भेट घडवायची असेल, तर ती पीडित मुलाला मनापासून हवी असावी, दोघांची आधी वेगवेगळी तयारी झालेली असावी, आणि प्रशिक्षित व्यक्ती उपस्थित असावी. नकार दिल्यास त्याला पुन्हा विचारू नये.

पालकांशी बोलताना

दोन्ही कुटुंबांशी त्याच दिवशी, पण वेगवेगळे बोलावे. पीडित मुलाच्या पालकांना काय घडले, शाळेने काय केले आणि पुढची भेट कधी, हे सांगावे. शाळेची भाषा त्यांना अवघड जात असेल तर दुभाषा बोलवावा, पण मुलालाच भाषांतर करायला लावू नये. दुसऱ्या मुलाला काय शिक्षा झाली याचा तपशील त्यांना देता येणार नाही, हे आधीच नम्रपणे स्पष्ट करावे.

त्रास देणाऱ्या मुलाचे पालक बहुधा बचावात्मक होतात, कारण त्यांना आरोप स्वतःवर आल्यासारखा वाटतो. 'तुमच्या घरात हेच शिकवता का?' असा सूर लागला की संभाषण संपते. 'तुमच्या मुलाने हे शब्द वापरले. ते पुन्हा घडू नये यासाठी आम्ही हे करणार आहोत, आणि आम्हाला तुमची मदत हवी आहे' अशी सुरुवात करावी. पालकांनी त्याच शब्दांचे समर्थन केले, तर वाद न घालता एवढे सांगावे की घरातील मते घरची असली तरी शाळेच्या आवारातील नियम सर्वांना सारखा लागू आहे.

वर्ग आणि बघणारी मुले

ज्यांनी काही केले नाही आणि काही अडवलेही नाही, अशीच मुले वर्गात सर्वाधिक असतात. त्यांना 'धाडस करा' असा उपदेश देण्यापेक्षा करता येण्याजोग्या गोष्टी शिकवाव्यात: हसायचे नाही, दुखावलेल्या मुलाजवळ जाऊन बसायचे, त्याला तिथून दूर न्यायचे, मोठ्या माणसाला सांगायचे. घटनेनंतर वर्गात बोलायचे झाल्यास नावे घेऊ नयेत, आणि पीडित मुलाला आदल्या दिवशी विचारून ठेवावे. वर्गातील एकुलत्या एका कृष्णवर्णीय किंवा स्थलांतरित मुलाला 'तुमच्याकडे काय वाटते ते सांग' असे म्हणून संपूर्ण समाजाचा प्रतिनिधी बनवणे हा नकळत केलेला अन्याय आहे.

अमेरिकेच्या आयोवा राज्यातील शिक्षिका जेन एलियट यांनी १९६८ साली मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर तिसरीच्या वर्गाची डोळ्यांच्या रंगावरून विभागणी करून भेदभावाचा अनुभव दिला होता. तो प्रयोग प्रसिद्ध आहे, पण शाळांनी त्याची नक्कल करू नये असे मला ठामपणे वाटते. मुलांना मुद्दाम अपमानित करणे, आणि ज्यांना तो अपमान रोजच मिळतो त्यांना पुन्हा त्यातून नेणे, याचे समर्थन होऊ शकत नाही.

अधिक भरवशाचा मार्ग सहकार्याचा आहे. मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ साली मांडले की गटांमधील संपर्कामुळे पूर्वग्रह कमी व्हायला हवा असेल, तर समान दर्जा, समान ध्येय, सहकार्य आणि संस्थेचा पाठिंबा या अटी लागतात. नुसते शेजारी बसवणे पुरत नाही. वंशाधारित विभाजन संपवल्यानंतर टेक्सासमधील ऑस्टिनच्या शाळांत तणाव वाढला, तेव्हा इलियट अ‍ॅरन्सन आणि सहकाऱ्यांनी १९७१ साली एक पद्धत योजली. पाच-सहा मुलांचा मिश्र गट करून धड्याचा एकेक भाग एकेका मुलाला द्यायचा. त्याने तो अभ्यासून इतरांना शिकवायचा. परीक्षा मात्र संपूर्ण धड्यावर. ज्याची टिंगल होते त्याच्याकडचा भाग मिळाल्याशिवाय इतरांचे भागत नाही, त्यामुळे ऐकून घेणे ही गरज होते. कोणत्याही विषयात, कोणत्याही साधनांशिवाय हे करता येते. आठवड्यातून एक-दोन तास, सलग काही आठवडे तरी करावे.

मोबाइलवरील घटना

गटसंदेशातील शिवी शाळेबाहेर लिहिलेली असली, तरी तिचा परिणाम वर्गात पोहोचत असेल तर शाळेने ती दखलपात्र मानावी. पुरावा म्हणून पडद्याचे छायाचित्र वेळेसह जतन करावे, तो मजकूर पुढे पाठवू नये, आणि मुलाचा फोन तपासण्यापूर्वी स्थानिक कायदा व पालकांची संमती पाहावी.

शाळेचे स्वतःचे नियम

मुले मोठ्यांकडे पाहून शिकतात, आणि म्हणून सर्वांत अवघड तपासणी शिक्षकखोलीची असते. एखादा शिक्षक विद्यार्थ्याचे नाव नीट उच्चारायला कधीच शिकत नसेल, किंवा एकाच गटातील मुलांना अधिक शिक्षा होत असतील, तर विद्यार्थ्यांसाठीचे धोरण पोकळ ठरते. शिक्षकाविरुद्धची तक्रार मुख्याध्यापकांकडे आणि मुख्याध्यापकांविरुद्धची व्यवस्थापनाकडे जाण्याची लेखी वाट हवी. गणवेशाचे नियमही तपासावेत. इंग्लंडमधील एका खासगी शाळेने फेटा उतरवून केस कापल्याशिवाय शीख मुलाला प्रवेश नाकारला, तेव्हा १९८३ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे त्या काळी तिथल्या सर्वोच्च न्यायपीठाने, तो बेकायदेशीर वांशिक भेदभाव ठरवला. नियम सर्वांना एकच असला तरी त्याचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. केसांच्या नैसर्गिक पोतावरून व त्याच्याशी निगडित केशरचनांवरून होणाऱ्या भेदभावाला बंदी करणारा कायदा कॅलिफोर्नियाने २०१९ साली केला, त्यामागेही हाच विचार होता.

आढावा

दर सत्राअखेर नोंदवही उघडून जागा, वेळ, इयत्ता आणि झालेली कारवाई यांची छाननी करावी. एकाच जिन्यावर किंवा एकाच बसमध्ये घटना होत असतील, तर तिथे मोठे माणूस उभे करणे हा कोणत्याही व्याख्यानापेक्षा लवकर लागू पडणारा उपाय आहे. पद्धत सुरू झाल्यावर पहिल्या वर्षी नोंदींची संख्या वाढणे स्वाभाविक आहे. मुले बोलू लागल्याची ती खूण असते, आणि व्यवस्थापनाने त्या आकड्यासाठी मुख्याध्यापकांना जाब विचारला तर पुढच्या वर्षी घटना तेवढ्याच राहून नोंदी बंद होतील. एकही नोंद नसलेल्या शाळेत निनावी प्रश्नावली द्यावी: तू स्वतः असे काही ऐकलेस का, कोणाला सांगितलेस का, सांगितले नसशील तर का नाही?

प्रत्येक पीडित मुलाशी दोन आठवड्यांनी आणि पुन्हा सत्र संपण्यापूर्वी बोलावे. त्या भेटीचा दिनांक पहिल्या नोंदीच्या दिवशीच दिनदर्शिकेत टाकून ठेवावा. मधल्या काळात त्याची हजेरी, गुण आणि मधल्या सुट्टीत तो कुणाबरोबर असतो, हे वर्गशिक्षकाने पाहावे. आणि असे मूल शाळा सोडून जात असेल, तर दाखला देण्याआधी मुख्याध्यापकांनी त्याला व त्याच्या पालकांना भेटून कारण विचारावे, आणि ते त्याच नोंदीखाली लिहावे.